सात बंपर आणि एक उकार

इतकी वर्षं झाली, तरी त्या सोमवारची रोजनामच्यातली नोंद मला तोंडपाठ आहे. वेळ सकाळी नऊ. तक्रार, सात ट्रकांचे पुढचे सात बंपर चोरीस गेल्याची. किंमत प्रत्येकी नव्वद रुपयांप्रमाणे सहाशे तीस रुपये. हजर असलेले चौघे: ठाणेदार म्हणजे मी, ठाण्याचं लिखाण सांभाळणारे हेड मोहर्रिर, तक्रारदार मुनीम, आणि दाराशी पहाऱ्यावर उभा असलेला शिपाई, बक्कल नंबर दोनशे सात. या चौघांपैकी एकावर चार दिवसांत त्याच चोरीचा आळ येणार होता, आणि आळ आणणाऱ्या कागदाखाली सही माझी असणार होती.

नावं मी कुणाचीच देणार नाही. काही माणसं हयात आहेत, काहींची मुलं इथेच नोकरीला आहेत. शिपायाला आम्ही ठाण्यात नंबरानेच हाक मारत असू, तेव्हा इथेही तो दोनशे सातच राहील.

भिलाईची पहिली भट्टी पेटली, त्याच्या पुढच्या हिवाळ्यातली ही गोष्ट. आज जिथे नेहरू नगर आणि वैशाली नगर आहे तिथे तेव्हा शेतं होती, आणि रायपूर रस्त्यावर मुरुमाची लाल धूळ दिवसभर खाली बसत नसे. पंजाबी ड्रायव्हर, तेलुगू गवंडी, बंगाली ड्राफ्ट्समन, ओडिया मजूर, रेल्वेतले आमचे नागपूरकडचे लोक, आणि ज्यांची जमीन कारखान्यात गेली ते इथले गाववाले. एका ठाण्यात एका दिवसात सात-आठ बोल्यांतल्या तक्रारी येत. त्या सगळ्या कागदावर मात्र एकाच हिंदीत उतरत. यात काही चुकतंय असं तेव्हा आम्हाला कधी वाटलं नाही.

मी स्वतः नागपूरकडचा. जुन्या मध्य प्रांताच्या पोलिसात भरती झालो होतो. राज्यांची वाटणी झाली तेव्हा विदर्भ तिकडे गेला आणि मी इकडे राहिलो. दोनशे सात गोंदियाच्या बाजूचा. तीन-चार वर्षांपूर्वी नागपूरला जाऊन सगळ्या घराने धम्मदीक्षा घेतलेली. मॅट्रिक झालेला, अक्षर सुंदर, वेळेचा पक्का. ठाण्यात पाण्याचा माठ एक होता. दोनशे सात मात्र घरून स्वतःचा लोटा भरून आणत असे आणि खिडकीत ठेवत असे. का आणतो, हे मी त्याला कधी विचारलं नव्हतं. तेही इथे लिहून ठेवतो.

तर, मुनीम एका वाहतूक ठेकेदाराचा होता. सुपेल्याच्या पलीकडे रस्त्याला लागून ठेकेदाराचं आवार होतं. रविवारी गाड्यांना सुटी. सोमवारी सकाळी मुनीम येऊन पाहतो, तर सातही ट्रक बोडक्या तोंडाने उभे. मोठे सेठ नागपूरला गेलेले, धाकटे सेठ रविवारी संध्याकाळीच गावी निघून गेलेले. आवाराची जबाबदारी मुनिमावर, म्हणून तो घाबरून धावत ठाण्यात आला होता.

मी लगेच पंचनाम्याला गेलो. भंगारची चोरी आम्हाला नवीन नव्हती. लोखंडाचं शहर उभं राहत होतं आणि रोज कुठेतरी लोखंड नाहीसं होत होतं. पण चोर पहारेने उचकटतो, पत्रा फाटतो, ब्रॅकेट वाकतं. इथे तसं काहीच नव्हतं. एका बंपरला चार बोल्ट, म्हणजे सातांना अठ्ठावीस. अठ्ठावीसही बोल्ट जागेवर होते. बंपर काढून घेतल्यावर कुणीतरी ते परत ब्रॅकेटच्या भोकात घातले होते आणि वर नट हाताने फिरवून बसवले होते. वायसर मोजले, ते सत्तावीस भरले. अठ्ठाविसावा चाकाजवळच्या धुळीत सापडला.

मी हे सगळं लिहून घेतलं आणि घरच्या माणसाचं काम असणार, असा शेरा मारला. माझी पहिली चूक इथे झाली. जे मोजलं त्याचा अर्थ मी लावला नाही.

मी बोल्ट मोजत होतो तेवढ्यात हेड मोहर्रिर, त्यांना आम्ही दीवानजी म्हणत असू, आवाराच्या चौकीदाराचा जबाब घेत होते. दीवानजी सागरकडचे. कायदा पाठ, हात जलद, आणि समोरचा माणूस वाक्य संपवण्याआधी ते शुद्ध हिंदीत लिहून मोकळे. चौकीदार इथलाच छत्तीसगढी म्हातारा, तोंडात गुडाखूचं, म्हणजे इकडच्या तंबाखूच्या मिश्रीचं, बोट, दात मोजकेच. मी जवळ गेलो तेव्हा जबाब लिहून झाला होता. दीवानजींचा चेहरा उतरला होता. त्यांनी कागद माझ्यापुढे धरला. त्यावर लिहिलं होतं:

‘रविवार दोपहर को पुलिस वाला आया और बंपर खोलकर बैलगाड़ी में ले गया।’

मी म्हाताऱ्याकडे वळलो. “खाकी पहने था?”

“हव साहेब, खाकी पहिने रहिस.”

“तुमने रोका क्यों नहीं?”

म्हाताऱ्याला माझ्या प्रश्नाचंच नवल वाटलं. “ओला काबर रोकहूँ? ओकर तो कामे उही ए.”

त्याला कशाला अडवू, त्याचं तर कामच ते आहे. बाजूला उभे असलेले दोन ड्रायव्हर तोंडावर हात धरून हसले. दीवानजी लाल झाले. “सुन लिया साहब? बुड्ढा कहता है, पुलिस का काम ही माल उठाना है.” मलाही ते लागलं. आपल्या खात्यावर लोक काय बोलतात हे कानावर पडलं की माणूस रागावतो, आणि रागावलेला माणूस पुढचा प्रश्न विचारायला विसरतो. म्हाताऱ्याचा अंगठा घेऊन आम्ही परत आलो.

रविवारी दुपारी त्या रस्त्यावर गस्त कुणाची होती, हे पाहायला रजिस्टर उघडायची गरज नव्हती. दोनशे सातची.

मंगळवारी मी दुर्ग, पॉवर हाऊसची वस्ती आणि सुपेला इथली भंगारवाल्यांची सगळी दुकानं पाहिली. एकूण अकरा. बंपर सोडा, बंपरचा तुकडाही कुठे नव्हता. दुपारी जेवायला घरी आलो. मंडळींनी वाढता वाढता विचारलं, तेव्हा मी बोल्टांची गोष्ट सांगितली.

“वायसरबी मोजले तुमी?” ती म्हणाली.

“मोजायलाच पाहिजे.”

“मंग आपली खाट सुतारानं दुरुस्तीले नेली, तवा नट कुठं ठेवले होते त्यानं?”

“दोरीत ओवून खुंटीला टांगले होते.”

“कावून?”

“परत आणून बसवायची होती म्हणून.”

“तेच तर म्हणून राहिले मी. ज्याले परत लावाचं असते तोच नट जपून ठेवते. भाजी घ्या.”

मी तिला सांगितलं की खाटेचं काम वेगळं आणि पोलिसाचं काम वेगळं. तिने आणखी एक पोळी वाढली.

बुधवारी मी दोनशे सातला माझ्या खोलीत बोलावलं. दार लावलं. दीवानजी लिहायला बसले.

“रविवारी बारा ते दोन कुठं होतास?”

“गस्तीवर होतो साहेब.”

“सुपेल्याच्या नाक्यावर सही अकराची आहे. पुढची सही अडीचची. मधे एकही नाही.”

त्याने टोपी काढून हातात घेतली.

“कुठं होतास?”

“गस्तीवरच म्हणा साहेब.”

“म्हणा म्हणजे?”

त्याने खाली पाहिलं. “बंपर मी नाही नेले. माह्या घरी का टरक आहे, मी बंपर कायले नेऊ?”

“विकायला.”

“कोणाले इकले मंग? तुमी तर अकरा दुकानं पाहून आले.” तो हे उद्धटपणे म्हणाला नाही. पण शिपाई ठाणेदाराचा हिशेब ठेवतो, हे मला त्या वेळी आवडलं नाही.

“लपवून काय राहिलास ते सांग.”

“लपवून राहिलो ते वेगळं आहे साहेब. त्याचा बंपरशी संबंध नाही.”

मी माझ्या नोकरीत पुष्कळ माणसं पाहिली. चोरी केलेला माणूस शंभर गोष्टी सांगतो. एक गोष्ट लपवणारा माणूस मात्र एकाच ठिकाणी येऊन थांबतो आणि तिथून हलत नाही. दोनशे सात दुसऱ्या प्रकारचा होता. हा फरक मला तेव्हाही माहीत होता. पण तो फरक मी दुसऱ्या शिपायाच्या बाबतीत जितक्या सहज वापरला असता तितक्या सहज त्याच्या बाबतीत वापरला नाही. ठाण्यात कुजबुज सुरू झाली होती. ‘इन लोगों का क्या भरोसा,’ असं कुणीतरी व्हरांड्यात म्हणाल्याचं मी ऐकलं आणि ऐकलं नाही असं केलं.

दुपारी चौकीदाराला ठाण्यात आणलं. दोनशे सातला इतर चार शिपायांबरोबर ओळीत उभं केलं. म्हातारा ओळीवरून चालत गेला आणि दोनशे सातपुढे थांबून ओळखीचं हसला.

“यही था?” दीवानजींनी विचारलं.

“ये?” म्हातारा म्हणाला, “ये ह तो पुलिस ए.”

“पक्का?”

“पक्का. एला तो मैं रोज देखथँव.”

दीवानजींनी लिहिलं, ‘पहचाना।’ खाली मी सही केली. दोनशे सात म्हाताऱ्याकडे पाहत राहिला. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. काहीतरी चुकतंय आणि नेमकं काय ते कळत नाही, असं झालेला तो चेहरा होता.

गुरुवारी दुर्गहून निलंबनाचा हुकूम आला. चौकशी पुरी होईपर्यंत दुर्गच्याच पोलीस लाइनीत दिवसातून तीनदा हजेरी. त्याने पट्टा काढून माझ्या टेबलावर ठेवला. पट्ट्याच्या पितळी बक्कलावर २०७ हे आकडे आरशासारखे चमकत होते. बाकीच्यांची बक्कलं हिरवट पडलेली असत. तेवढंही मला खटकलं. एवढी हौस याला परवडते कशी? एकदा संशय धरला की बक्कलाची चमकही पुरावा वाटू लागते.

जाताना तो म्हणाला, “साहेब, जे लिहाचं ते लिहा. फक्त पक्कं करून लिहा.”

शुक्रवारी ठेकेदार, म्हणजे मोठे सेठ, स्वतः ठाण्यात आले. चहा नको म्हणाले. “साहब, मुनीम ने जल्दबाज़ी कर दी. बंपर ही तो हैं. रिपोर्ट वापस ले लेते हैं.”

हा माणूस वजनकाट्यावर पाव मणासाठी तासभर भांडतो, हे मला ठाऊक होतं. तोच सहाशे तीस रुपये सोडून द्यायला तयार होता.

“एक शिपाई निलंबित झालाय, सेठ.”

“सुना. अफ़सोस की बात है.” त्यांनी खुर्ची मागे सारली. “मगर वो तो आपके महकमे का मामला है.”

त्यांची नजर माझ्या टेबलावरच्या फायलीकडे गेली आणि लगेच परत फिरली. फायलीत काय आहे हे जाणून घ्यायची इच्छा असलेला माणूस असाच पाहतो. आता माझा संशय दोन जागी वाटला गेला, आणि दोन्ही जागी माझ्या हाती काहीच नव्हतं. रिपोर्ट मी परत केली नाही.

शनिवारी डाकेने कारखान्याच्या भरती कार्यालयाचा एक फॉर्म आला. दोनशे सातची तिथे ऑपरेटर म्हणून निवड झाली होती आणि त्याच्या चारित्र्याची पडताळणी आमच्या ठाण्याने करायची होती. ‘उमेदवाराविरुद्ध चौकशी प्रलंबित आहे काय?’ असा रकाना होता. पंधरा दिवसांत उत्तर द्यायचं होतं. तोवर मला ठाऊकही नव्हतं की त्याने खात्याची परवानगी न घेता तिकडे अर्ज केला आहे. कारखान्यात पगार आमच्यापेक्षा बराच जास्त, क्वार्टर वेगळं. आमच्या जिल्ह्यातून त्या काळात पुष्कळ शिपाई तिकडे गेले. रकान्यात ‘होय’ लिहिलं तर त्याची ती नोकरी गेली, आणि खात्यातली तर जायच्या वाटेवर होतीच. त्याचे म्हातारे आईबाप आणि दोन बहिणी त्याच्यावरच अवलंबून होत्या.

दीवानजी म्हणाले, “भागने की तैयारी थी साहब, देख लीजिए.” मी फॉर्म खणात ठेवला. काही लिहिलं नाही. का ठेवला ते मलाच नीट सांगता आलं नसतं. मंडळींनी सांगितलेली खाटेची गोष्ट डोक्यातून जात नव्हती, एवढं खरं.

नवव्या दिवशी, मंगळवारी सकाळी, मी जीपने रस्त्याने जात असताना त्या ठेकेदाराचा ट्रक समोरून आला. पुढे बंपर. इतका चकचकीत की सकाळच्या उन्हाने माझे डोळे दिपले. मी जीप वळवून आवारात गेलो. सातही गाड्यांना बंपर होते. मुनीम खुशीत होता. “सेठजी ने नए मँगवा दिए, साहब.”

“पावती?”

“वो सेठजी के पास होगी.”

मी खाली बसून पाहिलं. निकेलचं पाणी नवं होतं. पण नव्या बंपरची भोकं गोल असतात. या बंपरची भोकं लांबट होती, वर्षानुवर्षं हादरे खाऊन बोल्टाने खाल्लेली. तिसऱ्या गाडीच्या बंपरला डावीकडे पोचा होता. तो ठोकून सरळ केलेला होता, पण बोट फिरवलं की लागत होता. मी अठ्ठावीस भोकं पाहिली. एकही गोल नव्हतं. बंपर जुनेच होते. कुणीतरी नेले होते, चमकवले होते आणि परत आणून त्याच बोल्टांनी बसवले होते. खाटेसारखे.

ज्या शिपायावर आळ होता तो नऊपैकी शेवटचे सहा दिवस दुर्गला रोज तीन सह्या करत होता.

मी चौकीदाराला जीपमध्ये घालून ठाण्यात आणलं. माझ्या टेबलावर दोनशे सातचा पट्टा पडला होता. त्या दिवशी फायलीबरोबर तो दुर्गला पाठवायचा होता. दीवानजी समोर बसले.

“बंपर वापस किसने लगाया?” मी विचारलं.

“उही. पालिस वाला.”

“वो तो दुर्ग में है. वो कैसे लगाएगा?”

“दुरुग में नइ रहय साहेब. कुम्हारी में रहिथे.”

“कौन?”

म्हाताऱ्याला आता माझी दया आली असावी. त्याने टेबलावरच्या बक्कलाकडे बोट केलं. “अइसने चमकाथे, तउन. पालिस वाला.” आणि अंगठा टेबलावर घासून दाखवला, पुढे-मागे, पुढे-मागे.

“पुलिस वाला?” दीवानजी म्हणाले.

“पुलिस तो तुमन हव,” म्हातारा म्हणाला. “मैं पालिस कहत हँव.”

इकडच्या बोलीत ‘श’ नाही. श सगळा स होतो. पॉलिशवाला हा त्यांचा पालिसवाला. म्हातारा पहिल्या दिवसापासून एकच शब्द बोलत होता आणि आम्ही दुसराच ऐकत होतो. पॉलिशवाल्याला कशाला अडवू, त्याचं तर कामच ते आहे. आणि ओळख परेडमध्ये तर त्याने स्वच्छ सांगितलं होतं की हा तर पोलीस आहे. म्हणजे, मी सांगतोय तो हा नव्हे. आम्ही त्यालाच ‘पहचाना’ म्हणून लिहून घेतलं.

मी फाईल उघडून पहिला जबाब काढला. दीवानजींचं अक्षर वळणदार. ‘प’च्या पायाशी उकार होता. तिथे काना हवा होता. एवढ्या एका मात्रेवर मी एक माणूस घरी बसवला होता.

“जबाब पढ़के सुनाया था?” मी दीवानजींना विचारलं.

“सुनाया तो...” ते थांबले. “नहीं साहब. अँगूठा ले लिया था.”

“मैंने भी नहीं पूछा,” मी म्हणालो.

मग मी म्हाताऱ्याला विचारलं, पॉलिशवाल्याला बोलावलं कुणी? त्याने आधी दाराकडे पाहिलं. धाकट्या सेठने कुणाला सांगू नकोस म्हणून बजावलं होतं. “कोन लेगे, ये ला पूछेव, तो बता देंव. कोन बलाय रहिस, ये ला तो कोनो पूछबे नइ करेव.” कोण घेऊन गेलं ते विचारलंत, ते सांगितलं. कुणी बोलावलं होतं ते कुणी विचारलंच नाही.

दुसऱ्या दिवशी मी रायपूर रस्त्यावरच्या कुम्हारी गावाला गेलो. रस्त्याकाठी पत्र्याची शेड, तेलावर चालणारं इंजिन, त्याच्या पट्ट्यावर फिरणारं पॉलिशचं चाक. मालक फौजेच्या वर्कशॉपमधून सुटून आलेला कारागीर. अंगात फौजेतलाच जुना खाकी सदरा. गंज काढणं, ठोकणं, घासणं तो इथे करी आणि निकेलचं पाणी रायपूरहून चढवून आणी. भिंतीवर खडूने कामं लिहिलेली होती. ‘बंपर ७, दर ८, पेशगी २०, बाकी ३६.’ त्याच्या खाली, ‘बक्कल १, सिपाही, बाकी ५० नये पैसे.’

“बोल्ट परत का लावलेस?” मी विचारलं.

“खो जाते हैं साहब. फिर गाड़ीवाला मुझसे लड़ता है. हम तो हमेशा वहीं टाँगके आते हैं.”

“बाकीचे छत्तीस का मिळाले नाहीत?”

“सेठ बोले, किसी से ज़िक्र मत करना, काम का नाम भी मत लेना. पैसा अगले महीने.”

पुढचं कळायला वेळ लागला नाही. त्या आठवड्यात वाहतुकीचं नवं काम मिळण्यासाठी गाड्यांची तपासणी होणार होती आणि जुन्या गाड्या चालणार नव्हत्या. धाकट्या सेठने बंपर चमकवायला दिले, रंग द्यायचं ठरवलं आणि गाड्या जवळपास नव्या म्हणून दाखवायचा बेत केला. बंपर जुने आहेत हे ठाण्याच्या कागदावर आलं असतं, तर ते फसलं असतं. म्हणून मोठे सेठ गप्प राहिले.

मी त्यांना बोलावलं. सगळं पुढे ठेवलं.

ते शांतपणे म्हणाले, “इसमें चोरी कहाँ हुई साहब? माल मेरा, पैसा मेरा.”

“चोरी झाली नाही, हे तुम्हाला शुक्रवारी ठाऊक होतं. एक माणूस घरी बसलाय हेही ठाऊक होतं. तुम्ही बोलला नाहीत.”

“सिपाही का नाम मैंने तो नहीं लिखा था,” ते म्हणाले. “वो तो आपने लिखा था.”

मी त्यांचा जबाब घेतला, गाड्यांबाबतची माहिती ज्या कार्यालयाला कळवायची त्याला रीतसर कळवली, आणि माझ्या स्वतःच्या चुकीचा अहवाल वेगळ्या कागदावर लिहून दुर्गला पाठवला. त्यात ‘लेखनिकाच्या अनवधानाने’ असं लिहा, असं दीवानजींनी सुचवलं नाही. उलट म्हणाले, “मेरा नाम लिखिए साहब.” मी दोघांची नावं लिहिली.

दोनशे सातचं निलंबन चौदाव्या दिवशी उठलं. तो ठाण्यात आला. मी त्याला बसायला सांगितलं. तो उभाच राहिला.

“त्या रविवारी कुठं होतास, ते आता सांग.”

“कारखान्याच्या सेक्टरात एका फोरमनकडं गेलो होतो साहेब. आमच्याच तिकडचे आहेत. यादीत माहं नाव आलं का, ते इचाराले.”

“मग सांगितलं का नाहीस?”

“सांगितलं असतं तर दोन गुन्हे झाले असते. एक न केलेला, एक केलेला. न केलेला तरी खोटा आहे, म्हणून निभून जाईन वाटलं.”

मी खणातून फॉर्म काढला. परवानगी न घेता अर्ज केल्याबद्दल त्याला लेखी समज दिली, कारण तो नियम होता. मग दीवानजींना फॉर्म भरायला सांगितला. प्रलंबित चौकशी, नाही. चारित्र्य, उत्तम. पुढचा रकाना होता, ‘सध्याचा व्यवसाय.’ दीवानजींनी सवयीने लिहायला सुरुवात केली, तेव्हा दोनशे सात टेबलावर वाकला आणि पहिल्यांदाच हसला.

“पुलिस लिखिए, दीवानजी. मात्रा देखके.”

दीवानजींनी ते अक्षर इतक्या सावकाश लिहिलं की शाई कागदावर पसरली. मुदत संपत आली होती, म्हणून फॉर्म मी स्वतः जीपने नेऊन दिला.

महिनाभराने तो कारखान्यात गेला. जाताना खिडकीतला लोटा उचलला. मी म्हणालो, “आज तरी माठातलं पाणी घे.” तो म्हणाला, “आता पाजता का साहेब?” आणि माठातलं पाणी त्याने त्या लोट्यातच ओतून घेतलं, प्यायला आणि गेला. त्या वाक्यात टोमणा किती आणि माया किती, हे मी अजून ठरवू शकलो नाही.

त्यानंतर नोकरी संपेपर्यंत मी एक नियम पाळला. जबाब देणारा ज्या बोलीत बोलतो, त्याच बोलीत त्याची वाक्यं आधी लिहायची, मग खाली हिंदी. अंगठा घेण्याआधी त्याला मोठ्याने वाचून दाखवायचं. वरिष्ठांनी विचारलं की कागद जास्त का लागतात, तर मी सांगत असे, लागतात. आणि कुणावर संशय पटकन बसला, तर तो पुराव्यामुळे बसला की त्या माणसामुळे, हे स्वतःला विचारायला शिकलो. दरवेळी जमलं असं म्हणणार नाही.

हिशेब तेवढा पुरा करतो. बंपरचे राहिलेले छत्तीस रुपये ठेकेदाराने माझ्यासमोर कुम्हारीच्या पॉलिशवाल्याला दिले आणि त्याने पावतीवर सही केली. बक्कलाचे पन्नास नवे पैसे मी माझ्या खिशातून दिले. त्याची पावती तो देत होता. मी म्हणालो, पावती नको, भिंतीवरचं पुसून टाक. त्याने सदऱ्याच्या बाहीने ते पुसलं.